रंग, बावटे आणि ठिपके : खूण नेमकं काय सांगते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बरेचसे प्रश्न रोजच्या खुणांबद्दलचे होते : इशाऱ्यांचे रंग, पाकिटांवरचे ठिपके, दागिन्यांवरचे शिक्के, लोकलचे सिग्नल. म्हणून ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : सकाळी मोबाइलवर 'मुंबईला ऑरेंज अलर्ट' असा मेसेज येतो. छत्री, रेनकोट, मुलांचे जादा कपडे असा सगळा जामानिमा करून निघावं, तर दिवसभर ऊन. आणि एखाद्या यलो अलर्टच्या दिवशी हिंदमाताला गुडघाभर पाणी. या रंगांवर विसंबायचं तरी कसं? (एक वाचक, परळ)

उत्तर : हवामान खात्याचे रंग चार. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. पाऊस होण्याची शक्यता किती आणि झालाच तर त्रास किती, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. त्यामुळे 'मुसळधार' हाच शब्द एका दिवशी पिवळ्या रंगात येतो, दुसऱ्या दिवशी केशरी. पावसाची प्रतवारी वेगळी आहे : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार.

रंगाखाली एक ओळ असते. मेसेज पुढे पाठवताना ती गळून पडते आणि कामाची माहिती नेमकी तिच्यातच असते. त्या ओळीत 'तुरळक ठिकाणी' असं लिहिलं असेल, तर त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. म्हणजे चारांतल्या तीन ठिकाणी कोरडं राहिलं तरी अंदाज बरोबरच. मुंबईसारख्या लांबट शहरात हा फरक फार मोठा होऊ शकतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि कुलाब्याला जेमतेम ७३. दोन्ही केंद्रं मुंबईचीच.

दुसरी गोष्ट वेळेची. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. तुम्ही उन्हातून संध्याकाळी घरी पोचलात आणि पहाटे तीनला पाऊस कोसळला, तरी तो त्याच इशाऱ्यातला पाऊस.

आता हिंदमाताचं. तिथे पाणी साचणं हे २४ तासांच्या आकड्यापेक्षा तासाच्या आकड्यावर अवलंबून असतं. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेताने बांधलेली होती. नंतर ती तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं. शंभर मिलिमीटर दिवसभर रिपरिपत पडला तर निचरा होऊन जातो. तोच दोन तासांत पडला तर सखल भागात तुंबणारच, मग सकाळचा रंग कोणताही असो. त्यात भरतीची भर. वाहिन्यांची तोंडं समुद्रात उघडतात आणि त्यातली बरीच समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. साडेचार मीटरच्या वरचं उधाण असेल तेव्हा पाणी बाहेर जायला वावच राहत नाही.

तेव्हा घरातून निघताना रंग पाहा आणि त्याखालची ओळ वाचा. मग त्या दिवशीच्या भरतीची वेळ आणि उंची पाहा. दिवसात दोन भरत्या येतात, त्यांची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि मोठं उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतं. चौथी गोष्ट ऑफिसातून निघण्याआधीची, आणि आमच्या मते हीच सर्वांत उपयोगाची : पुढच्या तीन तासांचा अंदाज, म्हणजे 'नाऊकास्ट'. तो हवामान खात्याच्या 'मौसम' अॅपवर मिळतो. रडारवर दिसणाऱ्या ढगांवरून तो काढलेला असल्याने सकाळच्या रंगापेक्षा तो जास्त भरवशाचा. आणि लाल रंग म्हणजे शाळेला आपोआप सुट्टी असंही नाही. सुट्टीचा निर्णय प्रशासन वेगळा जाहीर करतं. तो जाहीर होईपर्यंत मुलांना घरी ठेवायचं की नाही, हे पालकांनीच ठरवायचं.

प्रश्न : वादळाच्या वेळी बातमीत 'बंदरावर अमुक नंबरचा बावटा' असं सांगतात. नंबर जितका मोठा तितका धोका मोठा, असंच ना? (एक वाचक, वरळी कोळीवाडा)

उत्तर : मोटामोटी हो, पण सरसकट नाही. बावटे १ ते ११. एक आणि दोन हे लांबच्या समुद्रातल्या वादळाचे : बंदराला अजून धोका नाही, मात्र बंदर सोडून बाहेर जाणाऱ्या जहाजांना आहे. तीन आणि चार स्थानिक सावधगिरीचे. पाच, सहा, सात हे धोक्याचे आणि आठ, नऊ, दहा हे मोठ्या धोक्याचे. अकरा नंबरचा अर्थ अगदी वेगळा : हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे.

पाच, सहा, सात हे तिन्ही एकाच तीव्रतेचे असतात. त्यांच्यात फरक वादळाच्या वाटेचा. वादळ जाताना बंदर त्याच्या डाव्या हाताला राहणार असेल तर पाच, उजव्या हाताला राहणार असेल तर सहा, आणि वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाणार असेल तर सात. आठ, नऊ, दहाचंही तसंच. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून डावं-उजवं याला इतकं महत्त्व. जून २०२० मधलं 'निसर्ग' मुंबईच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येला गेलं. मुंबई त्याच्या डावीकडे राहिली, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे. मे २०२१ मधलं 'तौक्ते' समुद्रातूनच उत्तरेला सरकलं आणि मुंबई त्याच्या उजवीकडे आली. वारा दक्षिणेकडून, लाटा थेट किनाऱ्यावर. होडी कुठल्या बाजूला आणि किती दोर सोडून बांधायची, ते या फरकावरून ठरतं. तेव्हा बावटा विचारताना नंबरासोबत वादळाची वाटही विचारा.

प्रश्न : स्टेशन समोर दिसत असतं, लोकल लाल सिग्नलला थांबते. मग सिग्नल लालच असताना गाडी हळूहळू निघते. मोटरमनने सिग्नल तोडला असं समजायचं का? दारातले लोक तर तसंच बोलतात. (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : नाही, तो नियमानेच निघतो. उपनगरी मार्गांवर बहुतेक ठिकाणी स्वयंचलित सिग्नल आहेत. त्यांच्या खांबावर पांढऱ्या गोल पाटीवर काळं 'ए' अक्षर असतं. पुढच्या टप्प्यात गाडी आहे की नाही हे रूळच ओळखतात आणि त्याप्रमाणे दिवा बदलतो, मध्ये माणूस नसतो. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमनने गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट पाहायची, आणि तरीही लालच राहिला तर समोरच्या अडथळ्याआधी थांबता येईल अशा बेताने पुढे सरकायचं. समोरचं स्वच्छ दिसत असलं तरी वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. एखादा सिग्नल बिघडला म्हणून सगळी लाइन अडकू नये, यासाठी ही सोय.

रूळ बदलतात तिथले, म्हणजे स्टेशनाच्या तोंडाशी असलेले काही सिग्नल दोन्ही पद्धतींनी चालतात. त्यांचं 'ए' अक्षर दिव्याचं असतं. अक्षर उजळलेलं असेल तर वरचा नियम लागू. विझलेलं असेल तर लाल म्हणजे लाल, लेखी किंवा ठरलेली परवानगी मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. कधी गाडी मिनिटाभरात सरकते आणि कधी वीस मिनिटं जागची हलत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. अशा वेळी खाली उडी मारून रुळांतून चालत निघणं सर्वांत धोक्याचं. तुमची गाडी उभी असली, तरी शेजारच्या लाइनचा सिग्नल हिरवा असू शकतो.

याच वाचकांनी इंडिकेटरवरच्या अक्षरांबद्दलही विचारलं आहे. मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे दोन फाटे फुटतात. ईशान्येच्या कसाऱ्याला 'एन' आणि आग्नेयेच्या कर्जतला 'एस' अशी अक्षरं आहेत. नवखा माणूस फसतो तो 'एस'पाशी, कारण वेळेनंतर येणारा 'एस' म्हणजे स्लो. वेळेच्या आधीचं अक्षर ठिकाणाचं, नंतरचं गाडीच्या प्रकाराचं, एवढं धरून चाला.

प्रश्न : बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असूनही त्यात दूध निघालं. माझ्या मुलाला दुधाची अॅलर्जी आहे. हा ठिपका फसवा नाही का? (एक आई, भांडुप)

उत्तर : ठिपका खरा आहे, पण तुम्हाला हवं ते सांगण्यासाठी तो केलेलाच नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा गोल एवढंच सांगतो की पदार्थात मांस, मासे, अंडं किंवा प्राण्यापासून आलेला दुसरा घटक नाही. कायद्याच्या व्याख्येतून दूध, दुधाचे पदार्थ आणि मध वगळलेले आहेत, म्हणून ते हिरव्यात बसतात. अंडं मात्र मांसाहारी गटात. कांदा, लसूण, बटाटा यांच्याशी ठिपक्याचा काही संबंध नाही, त्यामुळे जैन किंवा उपवास करणाऱ्या घरांनीही घटकांची यादीच वाचायची. साखर, मीठ, तेल किती याबद्दलही ठिपका गप्प आहे. हिरवा रंग पाहून पदार्थ पौष्टिक समजणं ही चूक सर्रास होते.

तुमच्यासाठी महत्त्वाची ओळ घटकांच्या यादीला लागूनच असते. 'यात आहे : दूध, गहू, सोया' अशा धर्तीवर अॅलर्जी आणणारे घटक तिथे वेगळे छापलेले असतात. तिथेच कधी 'यात दुधाचा अंश असू शकतो' असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, त्याच यंत्रावर दुधाचा दुसरा पदार्थही तयार होतो. तीव्र अॅलर्जी असेल तर असा पुडाही घेऊ नका. नेहमीचाच पुडा असला तरी दर वेळी ओळ वाचा, कारण कंपन्या कृती बदलतात आणि वेष्टण तेच ठेवतात. प्राणिज काहीही नको असणाऱ्यांसाठी 'व्हीगन'ची खूण वेगळी आहे : हिरव्या 'व्ही'वर छोटं पान.

मांसाहाराची खूण पूर्वी तपकिरी गोल होती, ती आता तपकिरी त्रिकोण झाली आहे. हा बदल फार चांगला झाला. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांना दोन्ही गोल सारखेच भासायचे. लहान पुड्यावर तर गोलाला ३ मिलिमीटर व्यासाची मुभा आहे, तेवढ्यात रंग ओळखणं चांगल्या डोळ्यांनाही जड जातं. आकार वेगळा असला की ती अडचण उरत नाही.

प्रश्न : टूथपेस्टच्या ट्यूबखाली हिरवा पट्टा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे निव्वळ रसायनं, असा मेसेज फिरतो आहे. खरं काय? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : खोटं आहे. तो रंगीत चौकोन यंत्रासाठी असतो. ट्यूब कुठे वळवायची, कुठे चिकटवायची आणि कुठे कापायची हे यंत्रावरचा प्रकाश-सेन्सर त्या चौकोनावरून ओळखतो. पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा कोणताही रंग चालतो. पेस्टमध्ये काय आहे, ते घटकांच्या यादीत पाहा.

प्रश्न : आईच्या जुन्या पाटल्यांवर नुसतं '९१६' आहे. आता मुलीच्या लग्नासाठी नवे दागिने घ्यायचे आहेत. शिक्का खरा की खोटा ते दुकानातच कसं ओळखायचं? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : १ जुलै २०२१ पासून हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात. पहिली बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह. दुसरी शुद्धता, जसं २२के९१६, १८के७५० किंवा १४के५८५. यातला ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. तिसरी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, आणि हा प्रत्येक नगाला वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही.

दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग मागा. ते देणं त्यांचं कामच आहे. सहा अक्षरं नीट वाचून 'बीआयएस केअर' अॅपमध्ये 'व्हेरिफाय एचयूआयडी' इथे टाका. शून्य आणि 'ओ', आठ आणि 'बी' यांची गल्लत सहज होते. कोड सापडला नाही तर आधी तेच तपासा. सापडला की सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, शुद्धता, हॉलमार्कची तारीख आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. बहुतेक ग्राहक 'कोड सापडला' एवढ्यावर खूश होऊन अॅप बंद करतात. तसं करू नका, शेवटची ओळ वाचा. हातात साखळी आहे आणि अॅप 'अंगठी' म्हणत असेल, तर तो कोड दुसऱ्या कुठल्या तरी नगाचा आहे. असा दागिना घेऊच नका.

हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेची हमी देतो. वजन, खडे, घडणावळ यांची नाही. म्हणून बिलावर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहून घ्या. हे शुल्क नगावर असतं, वजनावर नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या नगांना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ कामाला सक्ती नाही. पुढे तपासणीत शुद्धता कमी भरली तर त्या वजनावर जितका फरक निघेल त्याच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. तोही बिल असेल तरच उपयोगी पडतो.

आईच्या पाटल्यांवर त्रिकोण नसेल तर नुसतं ९१६ हा त्या वेळच्या विकणाऱ्याचा शब्द. सोनं कमी असेलच असं नाही, पण पुरावा नाही. मोड करण्याआधी त्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात नेऊन दाखला घ्या. तो नसला की 'घट' किती धरायची हे समोरचा ठरवतो आणि मोठं नुकसान तिथेच होतं. त्रिकोण, शुद्धता, केंद्राची खूण आणि सराफाची खूण असे जुने चार शिक्के असतील, तर तो जुन्या पद्धतीचा हॉलमार्क आहे आणि तुमच्याकडच्या दागिन्यावर तो आजही ग्राह्य आहे.

प्रश्न : दुकानात जुना स्टॉक म्हणून पाच तारे असलेला एसी स्वस्तात देत आहेत. नव्या तीन ताऱ्यांपेक्षा तो बराच ना? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : तारे मोजण्याआधी लेबलवरचं वर्ष पाहा. ताऱ्यांची पट्टी मधूनमधून कडक होते. स्प्लिट एसीला २०१८ च्या पट्टीत ४.५ आयसीर (खर्च होणाऱ्या विजेच्या मानाने किती गारवा मिळतो त्याचा लेबलवरचा आकडा) असला की पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांसाठी किमान ५ लागू लागला आणि ४.४ ते ४.९९ ला चार तारे. म्हणजे २०१८ च्या पट्टीतला ४.६ वाला पंचतारांकित एसी २०२२ च्या पट्टीत चार ताऱ्यांचा. तरीही तो त्या पट्टीतल्या ३.८ ते ४.३९ च्या तीन ताऱ्यांपेक्षा चांगलाच. दोन वेगळ्या वर्षांचे एसी पाहताना तारे सोडा आणि आयसीरचे आकडे शेजारी ठेवा.

लेबलवरचे वार्षिक युनिट १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. रोज आठ तास धरले तर २०० रात्री. मुंबईच्या दमटपणात पुष्कळ घरांत एसी याहून जास्त चालतो. तुमच्याकडे तो रोज दहा तास, वर्षातल्या २७० रात्री चालत असेल तर २७०० तास झाले. मग लेबलवरच्या युनिटना २७०० ने गुणून १६०० ने भागा : ७५० युनिट लिहिले असतील तर प्रत्यक्षात साधारण १,२६५. दोन एसींच्या युनिटमधला फरक असा काढून विजेच्या दराने गुणला की किमतीतला फरक किती वर्षांत फिटतो ते कळतं. वापर जितका जास्त, तितके जादा तारे लवकर फिटतात. वर्षातून दोन महिनेच चालणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत तीन तारे पुरतात.

फ्रिजच्या बाबतीत तारे एकाच प्रकारात आणि साधारण त्याच आकारात ताडून पाहा. पाचशे लिटरचा पाच ताऱ्यांचा फ्रिज १९० लिटरच्या तीन ताऱ्यांच्या फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

प्रश्न : गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघ म्हणजे औषध 'कडक' आहे, असं दुकानातला पोरगा म्हणाला. (एक आजी, दहिसर)

उत्तर : आजी, रेघेचा अर्थ इतकाच, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक्सचा मनमानी वापर थांबावा म्हणून २०१६ मध्ये सरकारने या रेघेचा मोठा प्रचार केला, पण रेघ इतरही अनेक औषधांवर असते. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर रेघ पाहून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. उलट, मागच्या आजारपणातल्या उरलेल्या गोळ्यांवर रेघ असेल तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, शेजारणीलाही देऊ नका. मुदतीच्या जागी फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असेल, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. पाकीट कापताना मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढा.